अंदाजपत्रक वाचा, मग बोंब मारा

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, फक्त थोडं सरळ केलं.)



मला सांगितलं होतं, चळवळीवर बोल. मी नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर बोलणार आहे. कुणाला उठून जायचं असेल तर आत्ताच उठा, कारण पुढं आकडे आहेत. आपल्याला आकड्यांचा कंटाळा. घोषणा पाठ, कविता पाठ. पण नगरपालिकेत जमा किती, खर्च किती, कुणाच्या दारात खर्च, असं विचारलं की आपण चपला शोधायला लागतो. आपल्या ह्या कंटाळ्यावर तिथं कैक जणांचे बंगले उभे राहिले.

माझं शहर लहान. एक नगरपालिका, एक एसटी स्टँड, दोन टॉकीज होती ती बंद पडली. आमची वस्ती नाल्याच्या काठाला. माझा आजा नगरपालिकेत झाडूवाला, माझा बा झाडूवाला. बत्तीस वर्षं बानं पहाटे चारला उठून ते शहर झाडलं. निवृत्त झाला तेव्हा शाल दिली, नारळ दिला, हार घातला. ग्रॅच्युइटी दिली नाही. ‘फंड आला की देऊ.’ बा रोज जायचा. अकाउंटच्या खिडकीपाशी टोपी हातात घेऊन उभा राहायचा. ज्या जिन्यावर त्यानं बत्तीस वर्षं झाडू मारला त्याच जिन्यावर बसून डबा खायचा. तीन वर्षं हेच.

एक दिवस घरी आला आणि मला म्हणाला, “तू शिकलास न्हवं? मग बघ की. ह्यो फंड येतो येतो म्हणत्यात, त्यो येतो कुठनं?”

मी बी.कॉम. झालेला. ताळेबंद जुळवून पास झालेला. आणि मला उत्तर येईना. त्या दिवशी जी लाज वाटली ती अजून जात नाही. दुसऱ्या दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. अर्जाला दहा रुपये, पानाला दोन रुपये. महिन्याभरानं जाडजूड बाड हातात आलं. आज जे सांगतोय ते त्या बाडातनं शिकलो.

आधी जमा बाजू. नगरपालिकेचा पैसा तीन वाटांनी येतो. पहिली वाट आपली : घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराची फी, गाळ्यांचं भाडं, बांधकाम परवान्याचे पैसे. दुसरी वाट सरकारची : सहायक अनुदान, वित्त आयोगाचा निधी, योजनांचा निधी. तिसरी वाट कर्ज आणि ठेवींची. लहान शहरात पहिली वाट ही पायवाट असते आणि दुसरी हमरस्ता. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी जकात होती. नाक्यावर ट्रक थांबला की पैसा थेट नगरपालिकेच्या पेटीत. नाक्यावर चोरी व्हायची, लाच चालायची, सगळं खरं. पण तो पैसा गावचा होता. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली. बदल्यात सरकार म्हणालं, आम्ही अनुदान देतो. महानगरपालिकांकडं जकात आणखी काही वर्षं राहिली, मग एलबीटी आला, ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी माफ झाला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. गोळाबेरीज काय? कर गोळा करायचा हात वर गेला, पसरायचा हात खाली राहिला.

ही गोष्ट नवीन नाही. ज्यानं ती पहिल्यांदा नीट उलगडून दाखवली तो आपला बाप होता. आपण बाबासाहेबांचा फोटो लावतो, निळा कोट, हातात संविधान. पण ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनहून निघाला, तो किती जणांनी उघडलाय? त्यात त्यांनी १८७१ पासूनचा हिशोब मांडलाय. वरच्या सरकारनं तुरुंग, पोलीस, शिक्षण, रस्ते अशी खाती प्रांतांच्या गळ्यात घातली आणि ठरावीक रक्कम हातावर ठेवली. तीही आधीच्या खर्चापेक्षा कमी. जबाबदारी तुमची, तिजोरी आमची. दीडशे वर्षं झाली. प्रांताच्या जागी नगरपालिका घाला. वाक्य बदलावं लागत नाही.

१९९३ साली ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. बाराव्या अनुसूचीत अठरा कामं लिहिली. त्यात झोपडपट्टी सुधारणा आहे, शहरी गरिबी हटवणं आहे, दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षण आहे. वाचून छाती फुगते. पण कामं दिली, पैसा देणं राज्याच्या मर्जीवर ठेवलं. आणि निवडून आलेला नगरसेवकही मर्जीवरच. इथल्या कितीतरी नगरपालिकांची मुदत २०२१-२२ मध्ये संपली आणि मतदान झालं डिसेंबर २०२५ मध्ये. तोवर प्रशासक. घटनेनं दिलेली राखीव जागा होती, पण बसायला खुर्चीच नव्हती.

आता खर्च बाजू. तिथं पहिला मोठा आकडा असतो आस्थापनेचा. पगार, पेन्शन, निवृत्तांची देणी. साहेब म्हणतात, आस्थापना खर्च फार वाढलाय, नवी भरती नाही. मग झाडायला कोण? कंत्राटदार. तो पैसा आस्थापनेत दिसत नाही, ‘घनकचरा व्यवस्थापन’ ह्या गोंडस शीर्षाखाली दिसतो. माणूस तोच, जात तीच, झाडू तोच. फक्त हजेरीपत्रक बदललं. माझा बा कायम होता म्हणून त्याला निदान खिडकीपाशी उभं राहता आलं. माझा चुलतभाऊ कंत्राटात आहे. त्याला खिडकीच नाही. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० सालचा आहे. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघ कोर्टात भांडत राहिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. मुंबईत संघटना होती म्हणून झालं. लहान शहरात सुपरवायझरच मुकादम, मुकादमच नगरसेवकाचा मेव्हणा. तिथं संघटना कोण करणार? तुम्ही आणि मी.

आता राखीव पैशाचं बोलू. इथं मी स्वतःला फटके मारून घेणार आहे.

नगरपालिकेनं आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दुर्बल घटकांवर, पाच टक्के महिला-बालकल्याणावर, पाच टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. साधं गणित करा. स्वतःचं उत्पन्न दोन कोटी धरलं तर पाच टक्के म्हणजे दहा लाख. दरवर्षी. शिवाय दलित वस्ती सुधारणेचा सरकारी निधी वेगळा. त्याला आता अण्णाभाऊंचं नाव दिलंय. नाव मोठं झालं, गटार होतं तेवढंच राहिलं.

आमच्या वस्तीत त्या पैशातनं काय झालं? कमान झाली. सिमेंटची, अशोकचक्रवाली, रात्री लाईट लागणारी. उद्घाटनाला नगरसेवक आला. त्याला हार कुणी घातला? मी. कमानीखाली कोण नाचलं? मी. बारा वर्षं आम्ही गटारासाठी अर्ज करत होतो आणि कमान मिळाली तर आम्ही पेढे वाटले. पावसाळ्यात नाला वर आला तेव्हा त्या कमानीखालून पाणी वस्तीत शिरलं. कमान भिजली नाही. माणसं भिजली.

पुढं बाड वाचताना ते काम सापडलं. शीर्ष : वस्ती सुधारणा. बाबांच्या नावावर आपल्याला गप्प करायचा रेट किती, हे तिथं रुपये-पैशांत लिहिलेलं होतं. मी तो आकडा बाला वाचून दाखवला. बा काही बोलला नाही. उठून बाहेर गेला आणि दारातलं साचलेलं पाणी पत्र्यानं उपसत बसला.

आमच्या गावचं साप्ताहिक वाढदिवस छापतं, सत्कार छापतं. आमच्या बातम्या छापत नाही. म्हणून मी त्या इथं देतो, आणि प्रत्येक बातमीपुढं अंदाजपत्रकाचं शीर्ष देतो.

बातमी एक. वस्तीतल्या बायांच्या संडासाचं दार आठ महिने मोडलेलं आहे. बाया अंधार पडायची वाट बघतात. शीर्ष : सार्वजनिक शौचालय दुरुस्ती. पैसा धरलेला, खर्च शून्य.

बातमी दोन. नळ दिवसाआड, तासभर. वरच्या पेठेत रोज. पाणीपट्टीचा दर दोन्हीकडं एकच. शीर्ष : पाणीपुरवठा. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी लहान शहरांच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला होता. पाईप मात्र पेठेपाशीच वळला.

बातमी तीन. एका पोराला कंत्राटदारानं चेंबरमध्ये उतरवलं. बेशुद्ध झाला. दोरी होती म्हणून वाचला. २०१३ चा कायदा सांगतो, असं माणसाला उतरवायचं नाही. मेला तर दहा लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सांगितलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केले. मेल्यावरची किंमत ठरलेली आहे. जिवंत राहिलेल्या पोराला त्या दिवसाची हजेरीही लावली नाही. शीर्ष : गटार सफाई, ठेका पद्धतीनं.

बातमी चार. समाजमंदिरातल्या वाचनालयात चार कपाटं आहेत, पुस्तकं नाहीत. एका कपाटात ढोल ठेवलेत. ह्याचं शीर्ष नगरपालिकेकडं शोधू नका. ते ढोल आपल्या वर्गणीचे आहेत.

आता कुणी म्हणेल, अंदाजपत्रक वाचून जात जाते का? नाही जात. पण मला महाड आठवतं. महाडची लढाई पाण्याची होती हे आपण सांगतो. ती नगरपालिकेच्या ठरावाचीही होती हे विसरतो. बोल्यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला. ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं, काठावर बंद. तीन वर्षं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले आणि तो ठराव ओंजळीनं खरा केला. मग काय झालं? डोकी फुटली, शेणा-गोमूत्रानं तळं ‘शुद्ध’ झालं आणि ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेनं तो ठराव मागं घेतला. पुढं कोर्ट. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात निकाल लागला की ती त्यांची अनादि काळाची रूढी शाबीत होत नाही.

म्हणजे बघा, प्रांतांचा जमाखर्च तपासणारा माणूस आणि तळ्यावर ओंजळ भरणारा माणूस एकच होता. दोन वर्षांच्या अंतरानं. आपण ओंजळ घेतली आणि वही सोडली. ज्यांच्या हातात वही राहिली त्यांनी ठराव लिहिले, ठराव फिरवले.

म्हणून माझं मागणं लहान आहे. प्रत्येक वस्तीत दोघांनी आपल्या नगरपालिकेचं अंदाजपत्रक मिळवायचं. गेल्या वर्षी काय धरलं, खरं काय खर्चलं, हे दोन रकाने शेजारी-शेजारी फळ्यावर लिहायचे. समाजमंदिराच्या भिंतीवर, माय-मावश्यांना दिसतील असे. ज्या दिवशी अंदाजपत्रकाची सभा, त्या दिवशी मोर्चा नेण्याआधी पाच टक्क्यांचा हिशोब लेखी मागायचा. आणि येत्या १४ एप्रिलला वर्गणीतला निम्मा पैसा ह्या कामाला काढायचा. डीजेवाला उपाशी मरणार नाही.

बाचे पैसे आले, दोन हप्त्यांत. मी पाच अर्ज केले, निवृत्तांची आख्खी यादी काढली, बासारखे आणखी अकरा जण निघाले. सगळे मिळून खिडकीपाशी गेलो तेव्हा ‘फंड’ निघाला. तीन वर्षांचं व्याज दिलं नाही. त्याचा अर्ज टाकलाय. बा आता खिडकीपाशी जात नाही. पण रोज संध्याकाळी विचारतो, “कागद आला का?”

त्याचं उत्तर मला एकट्याला देता येणार नाही. जय भीम.