दोन गाणी, एकाच वेळी



२००१ साली इंग्लंडमधल्या एका डीजेनं एक खोडी काढली. ‘द फ्रीलान्स हेलरेझर’ हे त्याचं टोपणनाव. न्यूयॉर्कच्या ‘द स्ट्रोक्स’ या रॉक बँडच्या ‘हार्ड टू एक्स्प्लेन’ या गाण्यातली नुसती वाद्यं त्यानं घेतली आणि त्यांवर क्रिस्टिना अग्विलेराच्या ‘जिनी इन अ बॉटल’मधला तिचा आवाज बसवला. एकीकडे जाणकारांचा लाडका बँड, दुसरीकडे शाळकरी मुलींची आवडती पॉप गायिका. ज्या दोन घरांत जाणं-येणंही नाही, त्यांची सोयरीक झाली आणि ती शोभली!

अशा जोडणीला मॅशअप म्हणतात, आणि तिच्यातला विनोद इथंच आहे. दोन गाणी नुसती एकमेकांवर आदळली तर गोंगाट होतो. हसू फुटतं ते ती चपखल बसली की. त्यासाठी पट्टी जुळवावी लागते, लय थोडी ताणावी लागते, समेची जागा सांभाळावी लागते. थट्टा करायची, पण काम सोनाराच्या नजरेनं. आणि हसून झाल्यावर पुन्हा ऐकलं की कळतं, अग्विलेराच्या आवाजात एक हुरहूर होती. मूळ गाण्याच्या चकचकीत साजात ती आपल्याला ऐकूच आली नव्हती. मला तर ही जोडणी मूळ ‘जिनी’पेक्षा सरस वाटते.

हा खोडकरपणा जुनाच. संगीतकार बाखच्या घराण्यातली मंडळी जमली की आधी भक्तिगीत म्हणत, मग निरनिराळी चावट लोकगीतं एकाच वेळी गात. बाखच्या १७४१च्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’मधलं तिसावं, म्हणजे शेवटचं व्हेरिएशन अशाच लोकगीतांच्या गुंफणीचं आहे. इतक्या भारदस्त रचनेच्या शेवटी!

२००४ साली डेंजर माऊस या संगीत-निर्मात्यानं रॅपर जे-झीच्या ‘ब्लॅक अल्बम’मधलं रॅप बीटल्सच्या ‘व्हाइट अल्बम’च्या तुकड्यांवर चढवलं आणि नाव ठेवलं ‘ग्रे अल्बम’. कोटी सोपी, काम अवघड. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क असलेल्या ईएमआय कंपनीनं त्याचं वितरण थांबवायला सांगितलं, तर २४ फेब्रुवारीला अनेक संकेतस्थळांनी निषेध म्हणून तो अख्खा अल्बम फुकट वाटला.

आपल्याकडे मॅशअप म्हणून जे वाजतं, ते बहुतेकदा एकामागून एक जोडलेली गाणी असतात. ऐकायला बरी, पण त्यांत ही टक्कर नाही. तेव्हा खरा मॅशअप हाती लागला, तर आधी दोन्ही मूळ गाणी ऐका. त्यांची ओळख नसेल, तर विनोद डोक्यावरून जाईल.