लेकीचे कॉलेज : एका पालकाचे मनोगत
(विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील या समारंभात मी शिक्षणाविषयी दोन शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. वास्तविक या विषयावरचा माझा अधिकार बेताचाच. मी कापडाचा व्यापारी. १९८० साली बी.कॉम. झालो. सकाळी साडेसात ते साडेदहा कॉलेज, अकराला दुकानाच्या गादीवर, आणि परीक्षेआधी महिनाभर गाइड, असे आमचे शिक्षण. पदवी हाती येईपर्यंत एकाही प्राध्यापकाशी मी समोरासमोर पाच मिनिटे बोललो नव्हतो आणि त्यात काही उणे आहे, असे मला वाटलेही नव्हते. म्हणून आज मी माझ्या नव्हे, तर माझ्या धाकट्या कन्येच्या शिक्षणाविषयी सांगणार आहे.

२०१४ ते २०१८ ही चार वर्षे ती अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फिया शहरापासून अकरा मैलांवर असलेल्या स्वॉर्थमोर या निवासी महाविद्यालयात होती. नाव ऐकताच आमचे दिवाणजी म्हणाले, "अण्णा, नावातच स्वार्थ आहे, जपून." तेथे ‘लिबरल आर्ट्स’ शिकवतात, असे तिने सांगितले तेव्हा मला वाटले, चित्रकला असावी. पुढे कळले की इतिहास, गणित, जीवशास्त्र, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, संगीत अशा सर्व विद्यांचा त्यात समावेश होतो. एवढेच की कोणत्याही एका धंद्याचे शिक्षण म्हणून त्या शिकवत नाहीत. मी विचारले, "मग शेवटी होणार काय?" ती म्हणाली, "बी.ए." डॉक्टर नाही, इंजिनीयर नाही, सी.ए. नाही, बी.ए. व्हायला सातासमुद्रापार! ती निघेपर्यंत दोन महिने मी तिच्याशी कामापुरतेच बोललो. व्हिसाच्या मुलाखतीला तिच्याबरोबर मुंबईला तिची आई गेली. मी दुकानात बसून राहिलो. ही गोष्ट आजही माझ्या मनाला लागून आहे.

खर्चाचे सांगतो, कारण आपण सारे व्यापारी आहोत आणि तो प्रश्न आपल्या मनात आलाच असेल. त्या वर्षी शिक्षण, राहणे व जेवण मिळून सुमारे साठ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने छत्तीस लाख रुपये वर्षाला. आज तो आकडा ऐंशी हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. मात्र ज्याला प्रवेश दिला त्याच्या घरची ऐपत पाहून उरलेली रक्कम कॉलेज स्वतः देते, आणि २००८ पासून ही मदत कर्ज म्हणून नव्हे, तर अनुदान म्हणून देण्याची तेथे प्रथा आहे. त्यासाठी माझे उत्पन्न, दुकानाचा ताळेबंद, घर, शेती सर्व कळवायचे होते. ताळेबंद कोणापुढे कसा दिसावा याविषयी व्यापाऱ्याच्या मनात काय काय येते, ते या सभेत सांगायला नको. येथे तर उत्पन्न जितके कमी, तितकी मदत अधिक. माझा हात अडखळलेला पाहून मुलगी म्हणाली, "अण्णा, आहे तेच लिहा. कमी लिहून मिळालेल्या जागेवर मला बसायचे नाही." आहे तेच लिहिले. तरीही मोठी मदत मिळाली. माझ्या वाट्याला जे आले तेही हलके नव्हते.

या कॉलेजात सोळाशेच्या आसपास विद्यार्थी. आपल्याकडे एवढी मुले एखाद्या मध्यम शाळेत असतात. जवळजवळ सर्व मुले आवारातच राहतात, आणि पहिल्या वर्षाची मुले शेवटच्या वर्षाच्या मुलांबरोबर एकाच वसतिगृहात असतात. दर आठ विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक पडतो. एका सत्रात चार विषय. पदवीपर्यंत मानव्यविद्या, समाजशास्त्रे आणि निसर्गविज्ञाने या तिन्ही विभागांतून प्रत्येकी किमान तीन विषय घ्यावेच लागतात. त्यामुळे इतिहासाची ही मुलगी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावरही बसली. शिवाय पोहणे आलेच पाहिजे. आमची मुलगी विहिरीच्या काठावरही उभी राहत नसे. तिला अठराव्या वर्षी तलावात उतरावे लागले. मुख्य विषय कोणता हे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवायचे. तोपर्यंत सर्वत्र हिंडून पाहण्याची मुभा.

पहिल्या सत्राचा निकाल आला तेव्हा त्यात गुणच नव्हते, केवळ ‘उत्तीर्ण’ अशा अर्थाची नोंद. मला वाटले, मुलगी काही लपवते आहे. मग समजले की पहिले सत्र सर्वांसाठीच तसे असते. नवीन मुलाने गुणांच्या धाकाने सोपे विषय धरून बसू नये, असा हेतू. ती सवलत मात्र सहा महिन्यांपुरतीच. पुढे अभ्यासाचा भार असा, की रात्री बाराला फोन केला तरी मुलगी ग्रंथालयात! पहिल्या हिवाळ्यात ती खचली. साडेचारला अंधार, सभोवती बर्फ, खोलीतील मैत्रीण शिकागोची. भोजनगृहात शाकाहारी पदार्थ पुष्कळ, पण कांदा-लसणाविना काय आहे हे रोज विचारावे लागे. अखेर वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात रविवारी मुगाची खिचडी शिजू लागली आणि हळूहळू ती खायला मजल्यावरची सहा-सात मुले जमू लागली. इराणी क्रांतीपासून गणितातील अनंतापर्यंतचे वाद त्या खिचडीवर होत. मला फोनवरून ते ऐकू येत. वर्गात जे अर्धे समजे ते येथे पूर्ण होई, असे ती म्हणते.

सर्व काही सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही. एवढ्या लहान जागेत भांडण झाले तर तोंड चुकवायला जागा नाही. मद्यपानाचे प्रसंग तेथेही आहेतच. २०१९ मध्ये, ही बाहेर पडल्यानंतर वर्षाने, तेथील मुलांच्या दोन मंडळांच्या वर्तनाविरुद्ध विद्यार्थ्यांनी धरणे धरले आणि ती मंडळे विसर्जित झाली. मुलगी परदेशी पाठवणाऱ्या पालकाने हेही माहीत करून घ्यावे.

आता जी गोष्ट मला विशेष सांगायची आहे तिच्याकडे वळतो. १९२२ साली या कॉलेजचे अध्यक्ष फ्रँक एडलॉट यांनी, स्वतः ऑक्सफर्डला शिकून आल्यानंतर, तेथे ‘ऑनर्स’ची पद्धत सुरू केली. शेवटच्या दोन वर्षांत काही विद्यार्थी ती स्वीकारतात. आठवड्यातून एकदा सात-आठ विद्यार्थी आणि एक प्राध्यापक टेबलाभोवती तीन-तीन तास बसतात. आपला निबंध आधीच सर्वांना वाटलेला असतो आणि त्यावर बाकीचे तुटून पडतात. मध्यंतरात खाण्याचे पदार्थ असतात; आमच्या मुलीच्या पाळीला कांद्याविना पोहे होते. अखेरीस परीक्षा घ्यायला येतात ते अन्य विद्यापीठांतील विद्वान. शिकवणारे प्राध्यापक खोलीबाहेर थांबतात. ऑनर्स द्यायचा की नाही, हे बाहेरच्यांनी ठरवायचे. मी बी.कॉम. असल्यामुळे मला हे चटकन पटले. ज्याने वही लिहिली त्यानेच ती तपासायची नाही. ऑडिटर बाहेरचाच हवा. शिवाय असे झाले की गुरू आणि शिष्य एका बाजूला येतात, कारण परीक्षा दोघांचीही असते.

तिसऱ्या वर्षी सुटीत ती घरी आली आणि प्रबंधासाठी माळ्यावरची ट्रंक उघडून बसली. तीत माझ्या आजोबांच्या वह्या होत्या, मोडीत लिहिलेल्या, १९४३ ते १९४६ च्या. मला मोडी येत नाही. ती पुण्यात एका जाणकारांकडे महिनाभर बसून शिकली. मित्रहो, १९४३ साली सरकारने कापड व सुतावर नियंत्रण आणले आणि दर बांधून दिले, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांनी घरात ऐकले असेल. त्या काळी तालुक्याच्या गावी कापड कसे विकले गेले, हा तिचा विषय. रोज संध्याकाळी ती मला विचारी, तागा म्हणजे किती वार, हुंडणावळ कशी लावत, जांगड म्हणजे काय. मी आनंदाने सांगे. दोन महिन्यांच्या त्या अबोल्यानंतर आम्ही एवढे कधी बोललो नव्हतो.

एके दिवशी ती म्हणाली, "अण्णा, वही फार स्वच्छ आहे." ज्या महिन्यांत कापड मिळत नाही म्हणून वर्तमानपत्रांत तक्रारी आहेत, त्याच महिन्यांत आमच्या वहीत सगळा माल बांधील दराने विकलेला. कोठे खाडाखोड नाही. एक पान मात्र फाडलेले. तिला काय म्हणायचे आहे ते माझ्या ध्यानात आले आणि मी संतापलो. ज्या आजोबांचे नाव या ट्रस्टच्या देणगीदारांच्या फलकावर आहे, त्यांच्यावर पणतीने संशय घ्यावा! ती शांतपणे म्हणाली, "पणजोबांनी काळा बाजार केला असे मी लिहिलेले नाही. या वहीवरून ते सिद्ध होत नाही, आणि केला नाही हेही सिद्ध होत नाही. तेवढेच लिहिले आहे."

२०१८ च्या मे महिन्यात तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला याच प्रकरणावर धरले. घरच्या वहीपेक्षा वर्तमानपत्रांवर अधिक विश्वास का ठेवलास, असा त्यांचा प्रश्न. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, की विश्वास दोन्हींवर ठेवला नाही; जेथे दोन्ही जुळले तेवढेच ठाम लिहिले, बाकी ठिकाणी जुळत नाही असे लिहिले. तिला ऑनर्स मिळाला. मला मात्र तो प्रश्नच अधिक आवडला. आमच्या आजोबांच्या बाजूने तेथे कोणीतरी बोलले होते.

त्या महिन्यात आम्ही उभयता तेथे गेलो. रेल्वे स्थानकातून बाहेर पडले की समोरच ओकच्या झाडांची रांग टेकडीवरील जुन्या इमारतीपर्यंत जाते. पदवीदानाची पारंपरिक जागा म्हणजे झाडांतच केलेले गवताचे प्रेक्षागृह; पायऱ्यांमधून उंच झाडे वाढलेली. पदवीधर मुले आवारातल्या बागेतील गुलाब अंगरख्यावर लावतात. फिरता फिरता एका दगडी इमारतीवर नाव दिसले, क्लोदियर. चौकशी केली तर हे आयझॅक क्लोदियर कापडाचे व्यापारी निघाले! १८६८ साली त्यांनी भागीदारीत फिलाडेल्फियात पेढी काढली आणि पुढे या कॉलेजच्या व्यवस्थापक मंडळाचे ते अध्यक्ष झाले. पेढीचे नाव २००६ साली बाजारातून गेले, इमारत आहे. कॉलेज १८६४ साली क्वेकर नावाच्या शांततावादी पंथाने काढले आणि वर्ग सुरू झाल्यापासून मुलींना मुलांबरोबर शिकवले. मी त्या इमारतीपुढे बराच वेळ उभा होतो. सौभाग्यवतींना वाटले, मी दमलो.

आज माझी मुलगी पुण्यात जुन्या कागदपत्रांच्या जतनाचे काम करते. तिचा पगार तिच्या वयाच्या सी.ए.पेक्षा कमी आहे. ते मी लपवत नाही.

आता थोडे आपल्या घरचे. २०१३ साली, म्हणजे मुलगी जाण्याच्या आदल्या वर्षी, मी आपल्या शिष्यवृत्ती समितीवर होतो. एका मुलाने पुण्यात राहून इतिहासात बी.ए. करण्यासाठी अर्ज केला होता. गुण उत्तम. आपल्या नियमात केवळ व्यावसायिक शिक्षण बसते. अर्जावर ‘उपजीविकेशी संबंध नाही’ असा शेरा मी लिहिला. अक्षर माझेच आहे. तो मुलगा आज आपल्याच पेठेत मोबाईलचे दुकान चालवतो, आणि उत्तम चालवतो. परवा मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याने तो विषय काढला नाही, मलाही काढता आला नाही. तो नियम बदलावा असे पत्र मी या महिन्यात विश्वस्त मंडळाला दिले आहे, आणि कला शाखेच्या दोन विद्यार्थ्यांचा वसतिगृहाचा खर्च पाच वर्षे आमच्या पेढीकडून देण्याचे त्यात नमूद केले आहे.

दुसरे असे की आजोबांच्या त्या चारही वह्या मी आज ट्रस्टच्या ग्रंथभांडारास सुपूर्द करीत आहे. मुलीने केलेले देवनागरी लिप्यंतर सोबत जोडले आहे. ज्यांना वाचायच्या आहेत त्यांनी अवश्य वाचाव्यात. बांधणी करताना फाटलेल्या पानाची जागा कृपया तशीच ठेवावी.