परक्या ग्रंथाची पाने



दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानात, प्राध्यापकांनी नेमलेल्या निरनिराळ्या ग्रंथांतील प्रकरणांच्या प्रती एकत्र बांधून विद्यार्थ्यांना मिळत. ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले की, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ अध्यापनाच्या ओघात अशी प्रत करण्यास मुभा देते. पुढील वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. महागडे विदेशी ग्रंथ सामान्य घरच्या मुलाने आणावेत तरी कोठून? निकाल रास्तच झाला.

परंतु मुभा अध्यापनापुरती आहे; अख्खे पुस्तक छापून बाहेर विकण्यास नव्हे. त्याहून नाजूक गोष्ट नावाची. ठाणाच्या काठावरील गिरणीचे नाव कापून माल खपविणाऱ्यास बाजार काय म्हणतो, ते या सभेस सांगावयास नको. कलम ५७ अन्वये हक्क विकल्यावरही कर्तृत्व लेखकाचेच राहते. महाविद्यालयाच्या वार्षिकांकात उतारा घेतला, तर खाली मूळ लेखकाचे नाव द्यावे; संपूर्ण कविता वा चित्र हवे असल्यास हक्कधारकास आधी संमतीसाठी पत्र लिहावे. उत्तर बहुधा होकाराचेच येते.