‘पाव’ : रूप एक, कुळे तीन

भाषेत काही शब्द असे आढळतात की, त्यांचा उच्चार एक, लेखन एक. पण अर्थांचा परस्परांशी काडीइतकाही संबंध नसतो. मराठीतील ‘पाव’ हा असाच एक शब्द. वाण्याकडून पाव किलो साखर आणावी, बेकरीतून पाव आणावा आणि संकट आले म्हणजे देवापुढे हात जोडून ‘आता तरी पाव’ अशी विनवणी करावी. तिन्ही ठिकाणी कानाला शब्द एकच वाटतो. वस्तुतः हे तीन निरनिराळ्या कुळांतील शब्द आहेत.

पहिला ‘पाव’ म्हणजे चौथा हिस्सा. याचे मूळ संस्कृत ‘पाद’ या शब्दात आहे. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे त्याचा चतुर्थांश, या कल्पनेतून ‘पाद’ला चौथ्या भागाचा अर्थ आला. श्लोकाच्या चौथ्या भागालाही म्हणूनच पाद किंवा चरण म्हणतात. ‘सपाद’ झिजून ‘सव्वा’ झाला, ‘पादोन’ झिजून ‘पाऊण’ झाला आणि खुद्द ‘पाद’चे ‘पाय’ व ‘पाव’ झाले. मेट्रिक मापे आली तेव्हा पावशेर मागे पडला; चार आण्यांची पावली पुढे पंचवीस पैशांची झाली आणि २०११ साली तेही नाणे चलनातून गेले. पाव किलो मात्र अजून तराजूत आहे.

दुसरा ‘पाव’ हे क्रियापदाचे आज्ञार्थी रूप आहे. ‘प्राप्’ या संस्कृत रूपापासून प्राकृतात ‘पावइ’ आणि मराठीत ‘पावणे’ झाले. मूळ अर्थ पोचणे, मिळणे. मनुष्य बढती पावतो, मरण पावतो. देव नवसाला पावतो. पैसे पावल्याची खूण ती पावती. सरकारी दप्तरातील हा रुक्ष कागद आणि भाविकाचे आर्जव ही एकाच धातूची अपत्ये आहेत.

ही दोन नाती मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्यांच्या कानी अधिक सहज पडतात. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे तेथे आली. तेथील सेक्टर २ सारख्या वसाहतीत मराठी कुटुंबाचा शेजारी हिंदीत पायाला ‘पाँव’ म्हणतो आणि मिळण्याला ‘पाना’. पहिला आपल्या ‘पाव’ हिश्श्याचा भाऊबंद, दुसरा आपल्या ‘पावण्या’चा.

आता उरला तिसरा, खाण्याचा पाव. हा समुद्रावरून आला. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. भाकरीला त्यांच्या भाषेत ‘पांव’शी मिळताजुळता, नाकात उच्चारला जाणारा शब्द आहे, त्याचे मूळ लॅटिन ‘पानिस’. गोव्यात पीठ आंबवण्यासाठी माडाची ताडी वापरली गेली आणि पाव भाजणारा ‘पोदेर’ हे नावही पोर्तुगीजांकडूनच आले. जपानी भाषेत पावाला ‘पान’ म्हणतात, तेही पोर्तुगीजांचेच देणे.

परंतु शब्दांचे चेहरे सारखे दिसले की, लोक त्यांची सोयरीक जुळवू लागतात. ‘पीठ पायांनी मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात’ ही समजूत अशीच जन्मली. पाव हिश्श्याचा पायाशी संबंध आहे. भाजलेल्या पावाचा मुळीच नाही. हा निव्वळ विनोद असता तर सोडून देता आला असता. पण पाव हा एके काळी बाटण्याचा विषय होता. विहिरीत पावाचा तुकडा टाकला, त्या पाण्याने गाव बाटले आणि नंतर आपल्याच माणसांनी त्यांना दारे बंद केली, अशा कथा वसईकडे व गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाबिस्किटांवरून रानडे आणि टिळक यांच्यावरही ग्रामण्याचा प्रसंग आला. जेथे परक्या हातच्या खाण्याविषयी असा धाक होता, तेथे पायांनी मळल्याची खोटी व्युत्पत्ती तिरस्काराला आयतेच कारण पुरवीत होती.

गंमत अशी की, त्याच पोर्तुगीजांकडून बटाटा हा शब्द आला, चावी आली, पगारही आला. पगार कोणी नाकारला नाही आणि बटाटा तर उपवासाच्या ताटात जाऊन बसला. पावाला मात्र माजघरापर्यंत पोचायला फार काळ लागला. आज वडापाव आणि मिसळपाव यांना कोणी परके म्हणत नाही.

शब्दाचे कूळ शोधायचे ते त्याला मोठा वा हलका ठरविण्यासाठी नव्हे. ‘पाद’ आणि ‘प्राप्’ यांची लेकरे मराठीची, तसाच गलबतातून उतरलेला पावही मराठीचाच. मात्र केवळ रूप सारखे म्हणून नाते ठरवू नये, आणि ऐकीव नात्यावरून कोणाची पंगत मोडू नये, एवढे हा दोन अक्षरी शब्द शिकवतो.