गुडघा म्हणजे बिजागरी नव्हे



आम्ही डॉक्टर नव्हे, कामगार संघटनेचे कार्यकर्ते. पण चिकलठाण्याला, वाळूजला उभा जन्म यंत्रापुढे उभे राहिलेले सोबती निवृत्तीनंतर कठडा धरून जिना चढतात, ते आम्ही रोज पाहतो.

पूर्वीचे कृत्रिम गुडघे म्हणजे दाराची बिजागरीच. खरा गुडघा तसा नाही. तो वाकतो तेव्हा मांडीचे हाड नडगीच्या हाडावर थोडे लोळते, थोडे घसरते, किंचित वळतेही. आतले दोन आडवेतिडवे बंध त्याला आवरून धरतात. बिजागरीला वळणे ठाऊक नाही. सगळा पीळ हाडात रोवलेल्या दांड्यांवर येई आणि त्या सैल होत. फिटरला हे निराळे सांगायला नको! १९६८ साली इंग्लंडात गन्स्टन यांनी हे लोळणे-घसरणे ध्यानात घेऊन बिजागरीवाचून सांधा बसवला. धातू प्लास्टिकवर फिरू लागला.

पण गुडघा पाहिला कोणाचा? खुर्चीवर बसणाऱ्याला काटकोनाहून थोडे अधिक वाकणे पुरते. आपल्याला पंगतीत मांडी घालायची, शेतात उकिडवे बसायचे. त्याला १३० अंशही अपुरे पडतात.

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने किमतीला लगाम घातला. कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा कर सोडून ५४,७२० रुपयांवर आला. शस्त्रक्रियेचा खर्च निराळा. आम्ही हा आकडा एका म्हाताऱ्या सोबत्याला सांगितला. त्याने एवढेच विचारले, “मग खाली बसून जेवता येईल का, भाऊ?” डॉक्टरांनी त्याला तेवढेच टाळायला सांगितले होते.