दुखत नव्हतं म्हणून



व्याख्यानमालेच्या चालकांना वाटले असेल, आम्ही मजुरीवर बोलणार. मजुरीवर बोलूच, पण आधी स्तनाच्या कर्करोगावर. हा शब्द ऐकताच मागल्या रांगेतील काही पुरुषांनी माना खाली घातल्या. त्या कृपा करून वर कराव्यात. हा रोग क्वचित पुरुषांनाही होतो.

आमची युनियन सोलापुरातील विडी वळणाऱ्या बायांची. एक जुन्या सभासद होत्या. मोर्चात पुढे, मुकादमाशी भांडण्यात त्याहून पुढे. छातीत सुपारीएवढी गाठ हाताला लागली, ती त्यांनी अकरा महिने कोणाला सांगितली नाही. आम्ही विचारले, "अक्का, लपवलंत का?" त्या म्हणाल्या, "दुखत नव्हतं की, भाऊ."

शाळा आमची सातवीत सुटली. पुढे जे वाचले ते अडले म्हणून वाचले. तसेच हेही वाचले. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही! अक्कांना ज्याचा दिलासा वाटला, त्यानेच घात केला. वीस वर्षे आम्ही त्यांच्यापुढे हजारी दरावर भाषणे ठोकली. ही एवढी गोष्ट कधी सांगितली नाही.

तर आता सांगतो. स्तनात किंवा काखेत गाठ, संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची कातडी, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांकडे जावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. मात्र ते तपासून ठरते, शेजारणीला विचारून नव्हे. आणि हा रोग स्पर्शाने पसरत नाही. ताट वेगळे मांडणाऱ्यांनी हे घरी जाऊन सांगावे.

बोलून काय होणार, असे विचारणारे असतात. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागासाठी कर्करोगनोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना समजावू लागले, तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बाया पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागल्या. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ साली झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख बायांचा अभ्यास हाती घेतला. त्यांतील निम्म्यांचे स्तन, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. पन्नाशीपुढच्या बायांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आता मजुरी. विडीची मजुरी हजारावर. एक दिवस दवाखान्यात गेला की त्या दिवसाचे सूप रिकामे आणि चूलही थंड. अक्कांना लाज होतीच, पण हा हिशेबही होता. म्हणून तपासणीसाठी वर्षातून एक दिवस भरपगारी, अशी मागणी आम्ही यंदा लावली आहे. मालकांचे प्रतिनिधी बैठकीत हसले. पुढली बैठक सोमवारी आहे.

सभा संपल्यावर शेजारच्या खोलीत दोन परिचारिका बसतील. भगिनींनी जाऊन यावे. पुरुषांनी तोवर पोरे सांभाळावीत.