आठशे मीटर

(किकवी, ता. भोर येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मैत्रिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलींनो, तुम्ही जरा पुढे या. आज तुमच्याविषयीच बोलायचं आहे.

मी बोलायला दुसराच विषय घेऊन आले होते. पण पहाटेच्या एसटीनं उतरले तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं, आणि हायवेच्या कडेनं तीन मुली पळताना दिसल्या. अंगात पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. एकीच्या पायात बूट, दुसरीच्या साधे कॅनव्हासचे, तिसरी अनवाणी. बाजूनं ट्रक जात होते. थांबवून विचारलं, तर म्हणाल्या, "पोलीस भरतीची तयारी करतोय, ताई." भरतीला मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. एक म्हणाली, "सहाच्या आत घरी जायला लागतं. पाणी भरायचं असतं."

हे ८०० मीटर मला फार ओळखीचं आहे. मीही आठवीत असताना तेच पळत होते. तालुक्याला पहिली आले होते. पुढच्या वर्षी पाळी आली. घरात आजी म्हणाली, "आता बास." शाळेतल्या सरांनीही जिल्ह्याच्या यादीतून नाव खोडलं. मला विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, मुलीच्या जातीला एवढं अंतर झेपत नाही, पुढे त्रास होतो. माझी आई रोज डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन माळावरनं घरी यायची. ते अंतर ८०० मीटरच्या कितीतरी पट होतं. ते तिला झेपतं का, असं कुणी सरांनी कधी विचारलं नाही.

पुढे चळवळीत आल्यावर कळलं, की सरांचं ते वाक्य त्यांच्या घरचं नव्हतं. ते फार मोठ्या ठिकाणाहून आलेलं होतं. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर पळल्या. जर्मनीची लीना राद्के पहिली आली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या. पळून आल्यावर कोण दमत नाही? पुरुषही दमतात. पण वर्तमानपत्रांनी तिखटमीठ लावून लिहिलं, की बायका मरणाच्या दारी गेल्या, हे त्यांच्या शरीराला सोसणारं नाही. आणि ती शर्यत बंद केली. १९६० पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षं, ऑलिंपिकमध्ये बाईला ८०० मीटर पळायला मिळालं नाही. मॅरेथॉन मिळाली १९८४ साली. पुरुष ती १८९६ पासून पळत होते! १०,००० मीटर मिळालं १९८८ ला, ५,००० मीटर १९९६ ला. एकेक अंतर मागून घ्यावं लागलं.

आता माणदेशातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. इथून नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. त्यातला माण तालुका म्हणजे कायमचा दुष्काळी. तिथल्या मोही गावात १९८९ साली एका शेतकऱ्याच्या घरी ललिता बाबर जन्मली. २००५ साली पुण्यात वीस वर्षांखालच्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिनं सुवर्णपदक घेतलं. तेव्हा ती सोळा वर्षांची. आपल्याकडे या वयात मुलीसाठी काय चाललेलं असतं, ते तुम्हाला सांगायला नको.

पुढे तिनं मुंबई मॅरेथॉन गाजवली. २०१५ साली भारतीय बायकांत ती पहिली आली, २ तास ३८ मिनिटं २१ सेकंदांत. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर थोडं. ढोबळमानानं इथून पळत सुटायचं ते पुणं गाठायचं. तेही न थांबता.

पण तिचं खरं नाव झालं ते स्टीपलचेसमध्ये. ही शर्यत तुमच्यापैकी कुणी पाहिलीय? मुद्दाम पाहा. ३,००० मीटर पळायचं आणि वाटेत २८ वेळा आडवे लाकडी ओंडके ओलांडायचे. शिवाय सात वेळा ओंडक्यापलीकडे पाण्याचा खड्डा. एरवीच्या अडथळ्यांच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो, आपण पुढे जातो. इथला ओंडका पडत नाही. माणूस पडतं. भिजलेले बूट घेऊन पुन्हा पळायचं. पुरुष ही ३,००० मीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये १९२० पासून पळत आले. बायकांना ती मिळाली २००८ साली, बीजिंगला. तेव्हा ललिता एकोणीस वर्षांची होती. म्हणजे बघा, ज्या शर्यतीनं तिला मोठं केलं, ती शर्यत तिच्या जन्माच्या वेळी ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी नव्हतीच. त्याआधीच्या आपल्या किती मुली या शर्यतीच्या असतील आणि कुणाला कळलंही नसेल.

२०१४ ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत तिला कांस्यपदक मिळालं. २०१५ ला वुहानला आशियाई अजिंक्यपद. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत आठवी. आणि मग २०१६, रिओ. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद, नवा राष्ट्रीय विक्रम. ती अंतिम फेरीत गेली. धावपट्टीवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत याआधी भारतीय बाई पोचली होती ती १९८४ साली, पी. टी. उषा. तिचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं होतं. मधे बत्तीस वर्षं गेली. पुन्हा बत्तीसच! १५ ऑगस्टला ललिता अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली.

दहावी म्हटल्यावर काही जणींचे चेहरे पडले, मी पाहतेय. जगात दहावी, बायांनो. तिचा तो विक्रम सात वर्षं टिकला. २०२३ साली मीरतकडच्या पारुल चौधरीनं तो मोडला. ती शेतकऱ्याचीच मुलगी.

ललिताला वर्तमानपत्रांनी नाव दिलं 'माणदेशी एक्स्प्रेस'. तिच्या आधी नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत झाली 'सावरपाडा एक्स्प्रेस'. पळायला बूटसुद्धा लागत नाहीत म्हणून तिनं धावणं धरलं. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेतलं. मला या नावांची गंमत वाटते. माणला रेल्वे नाही, सावरपाड्याला नाही, किकवीलाही नाही. जिथं गाडीच येत नाही तिथल्या मुलींना आपण एक्स्प्रेस म्हणतो.

ललिताच्या बाबतीत रेल्वे मात्र खरीच आली. तिला रेल्वेत नोकरी मिळाली, कविताला ओएनजीसीत. मला हे पदकांइतकंच महत्त्वाचं वाटतं. हातात पगार असला की घरातला सूर बदलतो. २०१७ ला ललिताचं लग्न झालं, पुढे राज्य शासनानं तिला महसूल खात्यात अधिकारी म्हणून घेतलं. दुसऱ्या ऑलिंपिकला ती गेली नाही. पण तिचं पळणं तिच्या घरच्यांनी सोळाव्या वर्षी थांबवलं नाही, एवढी एकच गोष्ट मी आज तुमच्यापुढे ठेवते. पुढचं सगळं त्यानंतर आलं.

आता आपल्या घरात येऊ. पळणाऱ्या मुलीला काय लागतं? बूट लागतात, पण त्याआधी रक्त लागतं. रक्तातली लाली प्राणवायू वाहून नेते. ती कमी असली की ८०० मीटरच्या दुसऱ्या फेरीला छाती भरून येते आणि पाय शिशाचे होतात. लोक म्हणतात, मुलीत दमच नाही. अहो, दम कुठून येणार? ती शेवटी जेवते. डाळीचं वरचं पाणी तिला, तळातलं दाट भावाला. वाढणाऱ्या तर आपणच असतो ना? पाळीच्या दिवसांत पळू नये, असंही घरोघरी सांगतात. दुखत असेल तर विश्रांती घ्यावी, नसेल दुखत तर पळावं. तिचं तिला ठरवू द्या. रक्त तपासून घ्यायला सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत, मुलीला घेऊन जा.

आणि वेळ. सकाळचं पाणी भाऊ भरू शकतो. हसू नका, त्यालाही दोन हात आहेत. तीन मुलींपैकी एकीचा भाऊ भरतीचीच तयारी करतो, पण त्याला सहाची घाई नाही, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं.

राहिली जागा. मुलींनी पहाटे अंधारात हायवेच्या कडेनं पळणं मला पटत नाही. आणि "मग पळू नका" हे त्याहून पटत नाही. गावात मोकळी जागा कुठे आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. दगड वेचले, चारशे मीटरची फेरी फक्कीनं आखली आणि एक दिवा लावला, तरी सुरुवात होईल. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते, कायदा आहे तसा. तिथे हा ठराव मांडता येईल. पहाटे आळीपाळीनं दोघी-दोघींनी तिथे येऊन बसायचं, निदान भरती होईपर्यंत.

मघाशी चहाच्या वेळी त्या तिघींनी ठरावाचा मजकूर माझ्या वहीत लिहून काढलाय. अक्षर चांगलं आहे. खाली सह्यांसाठी जागा सोडलीय. वही पहिल्या ओळीतून फिरवते. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा दिला तरी चालेल, शाई माझ्या पिशवीत आहे.